माजी नौसैनिकाच्या सेवेची नोंद कशी लिहावी

घरातील वडीलधारी व्यक्ती नौदलातून निवृत्त झालेली असेल आणि तिच्या आयुष्याची नोंद कुटुंबाने लिहून ठेवावी असे तुमच्या मनात येत असेल, तर ते काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. मी माझ्या वडिलांची नोंद लिहायला घेतली तेव्हा त्यांचे वय ७८ होते. बोटींची नावे त्यांना धडाधड आठवत होती, पण सोबत्यांची नावे निसटू लागली होती, आणि ज्यांच्याकडून ती नावे ताडून घेता आली असती त्यांपैकी निम्मे लोक तोवर हयात नव्हते. त्यानंतर आमच्या भागातील आणखी काही माजी नौसैनिकांच्या मुलांना आणि नातवंडांना याच कामात मी मदत केली. त्या अनुभवातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकावी, कारण पुढचे सगळे नियोजन तिच्यावर अवलंबून राहते. बहुतेक कुटुंबे आपली सगळी शक्ती गणवेशातील वर्षांवर खर्च करतात आणि निवृत्तीनंतर गावासाठी केलेल्या कामाला शेवटच्या पानावर ‘सामाजिक कार्याची आवड’ एवढ्या शब्दांत निकालात काढतात. माझ्या मते हे प्रमाण चुकीचे आहे. कोवळ्या वयात भरती झालेला नौसैनिक पंधरा वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्तिवेतनास पात्र होतो तेव्हा पुष्कळदा चाळिशीच्या आतच असतो, म्हणजे गावाला दिलेली वर्षे नौदलाला दिलेल्या वर्षांच्या दुप्पट, क्वचित तिप्पटही भरतात. शिवाय नौदलातील सेवा मागे कागद ठेवते, तारखा ठेवते, पदके ठेवते. गावातील सेवेला मात्र डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, नसते. म्हणून पहिल्या भागासाठी दोन महिने ठेवले तर दुसऱ्या भागासाठी चार ठेवावेत.

आधी कागद बाहेर काढावेत. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, माजी सैनिकाचे ओळखपत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, जुनी पत्रे आणि छायाचित्रे हे सगळे एका दिवशी एका टेबलावर मांडावे आणि प्रत्येक कागदाचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घ्यावे. डिस्चार्ज बुकमध्ये सेवा क्रमांक, हुद्दा, शाखा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख मिळते, आणि एवढ्या चार-पाच गोष्टी हाती आल्या की पुढचा सांगाडा उभा राहतो. व्यक्ती हयात नसेल आणि कागदही हरवले असतील, तर कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या मातोश्रींच्या पीपीओपासून सुरुवात करावी. त्यावरील सेवा क्रमांकाच्या आधारे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. नौसैनिकांचे सेवा अभिलेख सांभाळणारे ब्युरो ऑफ सेलर्स मुंबईत मानखुर्दला आहे, तिकडेही लेखी अर्ज करावा. अर्जात सेवा क्रमांक नसेल तर केवळ नावावरून शोध लागणे कठीण असते, हे ध्यानात ठेवावे.

कागद वाचताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला घोटाळा ‘आयएनएस’ म्हणजे ‘इंडियन नेव्हल शिप’ या अक्षरांचा. भारतीय नौदलात बोटींप्रमाणेच किनाऱ्यावरील तळांना आणि प्रशिक्षण केंद्रांनाही आयएनएस असे म्हणतात. लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी हे अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे केंद्र, जामनगरचे आयएनएस वालसुरा हे विद्युत शाखेचे, मालाडजवळचे आयएनएस हमला हे पुरवठा शाखेचे, ओडिशातील आयएनएस चिल्का हे नव्या भरतीच्या प्रशिक्षणाचे, आणि कुलाब्याचे आयएनएचएस (यातला ‘एच’ हॉस्पिटलचा) अश्विनी हे तर रुग्णालय आहे. एका घरात नातवाने ‘आजोबांनी शिवाजी या युद्धनौकेवरून दोन वर्षे समुद्रात गस्त घातली’ असे लिहून ठेवलेले मी पाहिले आहे. आजोबा ती दोन वर्षे सह्याद्रीच्या माथ्यावर इंजिन उघडायला आणि जोडायला शिकत होते.

दुसरा घोटाळा नावांच्या पुनरावृत्तीचा. नौदल जुन्या बोटीचे नाव नव्या बोटीला देते. तलवार हे नाव मुंबईतील ज्या केंद्राचे होते तेथून १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांचा उठाव सुरू झाला. पुढे ते एका फ्रिगेटला म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेला मिळाले आणि २००३ मध्ये सेवेत आलेल्या आणखी एका फ्रिगेटलाही मिळाले. विक्रांत ही विमानवाहू बोट १९६१ मध्ये सेवेत आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, आणि २०२२ मध्ये दुसरी विक्रांत दाखल झाली. खुकरी, बेतवा, गोदावरी यांचेही तसेच आहे. त्यामुळे बोटीच्या नावापुढे वर्ष लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असे मानू नये, आणि इंटरनेटवर त्या नावाचे जे पहिले छायाचित्र दिसेल ते तर मुळीच चिकटवू नये.

पदकांच्या बाबतीत भिंग घेऊन बसावे. आपल्याकडील सेवापदकांच्या कडेवर बहुधा सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. वडिलांच्या एका पदकाची कडा कपड्याने पुसून मी खिडकीपाशी तिरकी धरली तेव्हा त्यांचा क्रमांक एकेक अंक करत उजळत गेला, आणि तो क्रमांक पुढचा अंक मी वाचायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवला. कोणते पदक कशासाठी हेही नीट लिहावे. ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचे) आणि ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडीचे) ही १९७१ च्या युद्धात त्या त्या आघाडीवर असलेल्यांना दिलेली पदके आहेत, आणि संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी होते. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची दीर्घसेवा पदके वेगळी असतात. यांतले कोणतेही शौर्यपदक नव्हे. महावीर चक्र, वीर चक्र, शौर्यासाठीचे नौसेना पदक ही ओळ स्वतंत्र आहे. प्रेमापोटी सेवापदकाला शौर्यपदक म्हणणे हा ज्यांनी ते मिळवले त्यांच्यावर अन्याय आहे, आणि आपल्या माणसावरही, कारण त्याच्या खऱ्या सेवेला त्या उसन्या मोठेपणाची गरज नसते.

आता बोलण्याकडे वळू. ‘बाबा, तुमच्या नोकरीबद्दल सांगा’ असे म्हटले तर दहा मिनिटांत विषय संपतो. नौसैनिकाची आठवण सालांवर नव्हे, बोटींवर टांगलेली असते. म्हणून कोणत्या साली काय घडले असे न विचारता, त्या बोटीवर चढलात तेव्हा मेसमध्ये, म्हणजे राहण्या-जेवण्याच्या जागेत, शेजारी कोण झोपत होते, मिडल वॉच म्हणजे मध्यरात्री बारा ते पहाटे चारची पाळी कशी जायची, पगार हातात आला की घरी किती पाठवत होता, असे विचारावे. एका बैठकीत एकच बोट घ्यावी आणि पाऊण तासापेक्षा जास्त वेळ बसू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, पण शेजारी वहीही ठेवावी, कारण समोर वही असली की माणूस नाव सांगताना थांबून नीट सांगतो. त्यांच्या तोंडचे शब्द आहेत तसेच उतरवावेत. स्टोकर (बॉयलर आणि इंजिने सांभाळणारा), बोसन (डेकवरील कामांचा प्रमुख), लिबर्टी (किनाऱ्यावर जाण्याची सुटी), मेस डेक (राहण्याचा मजला), फॉलिन (रांगेत उभे राहणे) या शब्दांना प्रतिशब्द शोधण्यात शक्ती घालवू नये. जेथे नातवंडांना कळणार नाही तेथे वाक्यातच अर्थ सांगावा.

या टप्प्यावर एक मोह फार जोराचा असतो, तो इतिहासाच्या पुस्तकातील युद्ध आपल्या माणसाच्या तोंडी घालण्याचा. माझे वडील १९७१ मध्ये विक्रांतवर स्टोकर होते. त्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले, हे सर्वांना ठाऊक आहे. मी पहिल्या खर्ड्यात ती उड्डाणे मोठ्या थाटात वर्णन केली. वडिलांनी वाचून कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मी एकही विमान उडताना पाहिलं नाही. मी खाली होतो.” मग त्यांनी जे सांगितले ते मला कुठल्याही पुस्तकात मिळाले नसते. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता आणि उरलेल्या तिघांवर बोट चालवायची होती. विमान उडवण्यासाठी बोटीला वेग लागतो, त्यामुळे खालच्या लोकांचे डोळे सतत दाबाच्या काट्यावर असत. वर कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला वेगाने पुढे ढकलणारे यंत्र, सुटला की खाली हादरा जाणवे, आणि तो हादरा मोजून खालची माणसे किती विमाने गेली ते ठरवत. परत येणारी विमाने उतरतानाचे धक्केही ती तशीच मोजत. दोन आकडे जुळले की कोणीतरी चहा सांगे. मी आधीची दोन पाने फाडली आणि त्या जागी हे लिहिले. लिहिणाऱ्याने हा नियम कसोशीने पाळावा की त्या व्यक्तीने जे पाहिले, ऐकले, हाताळले ते तिच्या शब्दांत यावे, आणि युद्धाची मोठी पार्श्वभूमी आपल्या शब्दांत दोन-तीन ओळींत वेगळी द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याला कोण बोलते आहे हे कळते.

काही गोष्टी मुद्दाम सोडाव्यात. शस्त्रे, दळणवळण आणि सांकेतिक पद्धती यांचा तपशील माजी नौसैनिक स्वतःच टाळतात, तेथे खोदून विचारू नये. दुःखाच्या बाबतीतही तसेच. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या पिढीतील ज्यांच्या बरोबरीचे मित्र त्या बोटीवर होते, ते तिचे नाव निघाले की गप्प होतात. त्या वेळी ध्वनिमुद्रण बंद करावे. पुढच्या बैठकीत ते आपणहून बोलले तर लिहावे. न बोलले तर मित्राचे नाव आणि गाव एवढे विचारून घ्यावे आणि तेवढेच नोंदवावे.

घरात राहिलेल्या माणसांचा भागही याच नोंदीचा आहे. नौसैनिकाच्या पत्राचा पत्ता ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस’ म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाचा असे, त्यामुळे बोट नेमकी कुठे आहे हे घरच्यांना पत्रावरून कधीच कळत नसे. माझ्या आईने अशी साडेतीन वर्षे काढली. शेतीची लावणी, सासऱ्यांचे आजारपण आणि माझा जन्म हे तिन्ही वडिलांना पत्राने कळले. आईची बैठक वेगळी घ्यावी, वडील समोर नसताना घ्यावी, आणि तिला स्वतंत्र प्रकरण द्यावे. आंतरदेशीय पत्रांवरील टपालाचे शिक्के इथे फार उपयोगी पडतात, कारण पत्र लिहिणारा तारीख विसरतो, शिक्का विसरत नाही.

यापुढचा भाग सर्वांत अवघड आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. गावातील सेवेची नोंद करताना ‘ते सर्वांच्या मदतीला धावून जात’ अशी वाक्ये सुचतात, आणि ती प्रत्येकाविषयी खरी असतात म्हणून कोणाविषयीच काही सांगत नाहीत. कोणते काम, कधीपासून कधीपर्यंत, कोणाबरोबर, त्यातून काय उभे राहिले आणि काय फसले, असे प्रत्येक कामाबद्दल विचारावे. पुरावा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठराव मांडणाऱ्याचे आणि अनुमोदकाचे नाव असते. वाचनालयाच्या जमाखर्चाच्या वहीत देणग्या असतात. शाळेच्या वार्षिक अहवालात स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तयारी कोणी करून घेतली ते सापडते. गावकऱ्यांच्या मुंबईतील मंडळांनी छापलेल्या वार्षिक पुस्तिका तर खजिना आहेत, कारण त्यांत सभासदांची नावे, वर्गणीचा हिशेब आणि छायाचित्रे एकत्र मिळतात. ग्रामपंचायतीत जाताना आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून कारण सांगावे आणि हवे असलेले वर्ष आधी ठरवून जावे. नुसते ‘जुनी दप्तरे दाखवा’ म्हटले तर कोणालाच काही सापडत नाही.

वडिलांनी गावात नेमके काय केले हे मला घरातून कळले नाही, एका वहीतून कळले. आमच्या वाडीची नळपाणी योजना सुरू झाल्यावर पंपाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ती त्यांनी एकोणीस वर्षे विनामोबदला सांभाळली, एवढे आम्हांला माहीत होते. पंपघराच्या कोनाड्यात उंदरांनी कोपरे कुरतडलेल्या अकरा वह्या निघाल्या. पहिली उघडली. डाव्या बाजूला वेळ, ‘०६००’, ‘०७००’, ‘०८००’ अशी चार अंकी. पुढे विहिरीतील पाण्याची पातळी, मोटरचा आवाज कसा आहे, टाकी किती भरली, आणि शेवटच्या रकान्यात सही. बोटीच्या इंजिन रूममध्ये दर तासाला दाब आणि तापमान नोंदवायचे लॉग बुक असते, ही तीच पद्धत होती. दाबाच्या काट्याची जागा विहिरीने घेतली होती. एका मे महिन्यात पातळीचा आकडा रोज थोडा खाली जात असल्याचे दिसते. त्याच पानावर ‘उद्यापासून एक दिवसाआड, वरच्या वाडीला आधी’ असा शेरा आहे आणि खाली पाच घरप्रमुखांच्या सह्या आहेत. मी त्यांना त्या शेऱ्याविषयी विचारले. तेव्हा ते सांगू लागले की बोटीवर समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करणारे यंत्र चालवणे हे स्टोकरांचे काम होते, बॉयलरला पाणी आधी आणि माणसांच्या अंघोळीला नंतर असा क्रम होता, आणि पाणी कमी पडले तर ते कोणाला आधी द्यायचे हे सगळ्यांसमोर ठरवून लिहून ठेवले की भांडण होत नाही, हे ते तेथे शिकले. चाळीस वर्षांत त्यांनी हे आम्हांला कधी सांगितले नव्हते, कारण आम्ही त्यांना एकतर नौदलाविषयी विचारत होतो किंवा गावाविषयी. दोन्ही एकत्र कधी विचारले नव्हते.

म्हणून प्रत्येक गावकामाविषयी एक प्रश्न आवर्जून विचारावा की हे तुम्ही कुठे शिकलात. पुराच्या वेळी दोर कसा बांधला, भरतीला जाणाऱ्या मुलांना पहाटे धावायला कसे नेले, गणपतीच्या विसर्जनात होड्या कोणत्या क्रमाने सोडल्या, मच्छीमारांना हवामानाचा इशारा कसा समजावून सांगितला, या सगळ्यांची मुळे बहुधा कुठल्यातरी बोटीत किंवा प्रशिक्षण केंद्रात सापडतात. सापडली नाहीत तर ओढूनताणून जोडू नयेत. काही कामे माणूस आपल्या आईकडून किंवा गुरुजींकडून शिकलेला असतो, तसे लिहावे.

साक्षीदारांना भेटताना लाभ झालेल्या माणसांइतकेच विरोधात असलेल्यांनाही भेटावे. पाण्याच्या त्या क्रमावरून खालच्या वाडीतील एक गृहस्थ वडिलांशी दोन वर्षे बोलत नव्हते. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी आपली बाजू शांतपणे सांगितली. त्यांच्या घरी त्या वर्षी लग्न होते आणि एक दिवसाआडच्या पाण्याने त्यांची अब्रू जायची वेळ आली होती. मी ते जसेच्या तसे लिहिले, फक्त नाव टाळले. वडिलांना ते प्रकरण वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले की लग्नाचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन खालच्या वाडीत गेले.

लिहायला बसल्यावर क्रम साधा ठेवावा. मी आधी भरतीपूर्वीचे घर, मग बोटी, मग आईचे प्रकरण, मग गावाची कामे असा ठेवला. शेवटी एका पानावर सेवा क्रमांक, हुद्दे, बोटी व तळ आणि तारखा यांचा तक्ता दिला. ज्या तारखेला कागदाचा आधार आहे ती तशी लिहावी आणि जी केवळ आठवणीतून आली आहे तिथे ‘सुमारे’ हा शब्द घालावा. विशेषणे कमी असली तरी बिघडत नाही.

खर्डा तयार झाला की तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, हातात नुसता देऊ नये. डोळे थकलेले असतात आणि संकोचाने ते ‘छान आहे’ म्हणून टाकतात. ऐकताना मात्र चूक लगेच खटकते. मी ‘वडिलांनी वाडीला पाणी दिले’ असे लिहिले होते. त्यांनी मला तिथे थांबवले आणि वाक्य बदलून घेतले, ‘पाणीपुरवठा समितीने वाडीला पाणी दिले, पंपावर मी होतो.’ दुरुस्त प्रतीच्या प्रत्येक प्रकरणाखाली त्यांची सही आणि तारीख घ्यावी.

प्रती निदान पाच काढाव्यात. एक गावच्या वाचनालयाला, एक शाळेला, उरलेल्या भावंडांत, आणि स्कॅन केलेली प्रत दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावी. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला कागद खराब होतो. छायाचित्रे गोंदाने चिकटवू नयेत आणि त्यांच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. पदके घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरावा, नाहीतर कडेवरचे क्रमांक झिजतात. पंपघरातील वह्या मी वाळवून, कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. बारावी वही सध्या पंप चालवणाऱ्या तरुणाकडे आहे आणि तीत वेळ अजून चार अंकीच लिहिली जाते.